आईवडिलांसाठी पीएसडब्ल्यू ठेवताना: ओंटारियोतल्या मराठी घरांसाठी

मी ब्रॅम्प्टनमध्ये राहते आणि पीएसडब्ल्यू, म्हणजे पर्सनल सपोर्ट वर्कर (वृद्ध-आजारी माणसांची रोजची काळजी घेणारी) म्हणून काम करते. पील भागातल्या मराठी घरांतून ओळखीपाळखीने फोन येत असतात. पहिला प्रश्न ठरलेला: ‘तासाला किती घेता?’ मी उलट विचारते, ‘आई सकाळी उठल्यापासून काय काय स्वतः करतात?’ मग पलीकडून काही ऐकू येत नाही. मुलगा ऑफिसातून बोलत असतो, सून मीटिंगमध्ये असते, आणि आई बाथरूमला कशी जातात हे दोघांनीही नीट पाहिलेलं नसतं. माणूस शोधायला निघण्याआधी हे पाहून घ्या. कामाचं स्वरूप ज्या घराने नीट मांडलंय, तिथे चांगली बाई टिकते. जिथे ‘सगळंच बघायचं’ असं सांगतात, तिथून ती महिनाभरात निघते.

दोन दिवस घरी थांबा आणि दिवस लिहून काढा. एक शनिवार-रविवारही चालेल, पण रात्र धरून. प्रत्येक कामापुढे चारपैकी एक शेरा मारा: स्वतः करतात, कुणी शेजारी उभं असलं की करतात, हात लावावा लागतो, सगळं दुसऱ्यालाच करावं लागतं. दुसरा आणि तिसरा शेरा यांतला फरक मोठा आहे. शेजारी उभं राहायला कुणीही चालेल. हात लावायचा तर शिकलेला हात लागतो, नाहीतर दोघीही पडतात.

बारीक गोष्टीही लिहा. एका आजींच्या घरी मला सांगितलं होतं, ‘टॉयलेटला स्वतः जातात, तिथे काही बघायला नको.’ जात होत्या खऱ्या. पण सांधे आखडल्यामुळे पेटीकोटची नाडी सुटायची नाही, म्हणून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं होतं. पाणी कमी, मग लघवीला जळजळ, मग इन्फेक्शन, आणि या वयात इन्फेक्शन झालं की माणूस बरळायला लागतो. घरच्यांना वाटलं विसराळूपणा सुरू झाला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि मी नाडी काढून इलास्टिक घातलं. त्या घराला पूर्ण दिवसाची बाई नकोच होती. सकाळचे दोन तास पुरले.

कोणतं काम माझं, कोणतं नाही

अंघोळ, स्पंजिंग, कपडे, तोंड धुणं, कवळी साफ करणं, डायपर बदलणं, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर नेणं, भरवणं, चालवणं, पलंगाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणं, पाठीवर-माकडहाडावर लाली आली का पाहणं, फिजिओने शिकवलेले व्यायाम करून घेणं, गोळ्यांची आठवण करणं, दिवसभराची नोंद ठेवणं: हे पीएसडब्ल्यूचं काम. शिवाय ज्यांची काळजी घेतोय त्यांच्यापुरता स्वयंपाक, त्यांची चादर, त्यांची खोली. इथे कॉलेजात, प्रायव्हेट करिअर कॉलेजात किंवा स्कूल बोर्डात साधारण सहा ते आठ महिन्यांचा कोर्स असतो, आणि त्यात नर्सिंग होममध्ये आणि लोकांच्या घरी प्रत्यक्ष काम करावं लागतं.

गोळीचा डोस ठरवणं-बदलणं, जखमेवर काय लावायचं ते ठरवणं, हे माझं काम नाही. इन्सुलिनचं इंजेक्शनही, नर्सने त्या विशिष्ट माणसासाठी शिकवून सोपवलेलं नसेल तर, माझं नाही. ‘अहो, सोपं असतं, पेन नुसतं टेकवायचं’ असं म्हणून गळ घालू नका. चांगली बाई नाही म्हणेल, आणि जी लगेच हो म्हणेल तिची मला जास्त काळजी वाटते.

घरच्या सगळ्यांची भांडी, नातवंडांना शाळेतून आणणं, रविवारच्या पार्टीसाठी पन्नास पुऱ्या लाटणं हेही पीएसडब्ल्यूचं काम नाही. हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे आणि वेगळी बोलणी. ‘तू तर घरच्यासारखीच’ हे वाक्य आम्ही सगळ्याजणींनी ऐकलेलं आहे, आणि माझा अनुभव असा की हे जिथे फार ऐकू येतं तिथे पगार उशिरा होतो.

आधी सरकारी मदत मागा

आईवडील पीआर (कायमचे रहिवासी) किंवा सिटिझन असतील आणि त्यांच्याकडे ओहिप, म्हणजे ओंटारियोच्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड असेल, तर पैसे खर्च करण्याआधी ओंटारियो हेल्थ अ‍ॅटहोम या घरपोच काळजीच्या सरकारी संस्थेला फोन करा: 310-2222, एरिया कोड लागत नाही. 28 जून 2024 ला चौदा विभागीय संस्था एकत्र करून ही एक संस्था झाली. डॉक्टरांची चिठ्ठी असलीच पाहिजे असं नाही, घरचेही फोन करू शकतात. केअर कोऑर्डिनेटर येऊन प्रश्न विचारते आणि किती मदत बसते ते ठरवते. ही मदत फुकट असते.

या भेटीत आपल्या लोकांचं हमखास बिघडतं. पाहुणे आले म्हणून आई वेणीफणी करून बसतात आणि प्रत्येक प्रश्नाला ‘येस, आय कॅन’ म्हणतात. अंघोळ करता? येस. जिने चढता? येस. मग तास मिळणार कुठून? तुम्ही लिहिलेला तो कागद तेव्हा पुढे करा. आईंना आधी सांगून ठेवा की ही परीक्षा नाही, आणि हवं तर दुभाषी मागून घ्या.

मंजूर होणारे तास बहुधा कमीच असतात, वेळ तुमच्या सोयीची असेलच असं नाही आणि रोज तीच बाई येईल याचीही खात्री नाही. तरी घ्या. अंघोळीचं काम त्यातून निघालं तर खासगी तास दुसरीकडे वापरता येतात.

सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिजिटर व्हिसावर, आलेल्यांना ओहिप मिळत नाही, त्यामुळे हा रस्ता त्यांना बंद. व्हिसासाठी काढलेला किमान एक लाख डॉलरचा विमा दवाखान्यासाठी असतो, रोजच्या अंघोळीसाठी नव्हे. सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, आणि पाच वर्षांत सत्तरीचा माणूस पंचाहत्तरीचा होतो. तिकीट काढण्याआधी हा हिशेब घरात मोकळेपणाने बोला.

एजन्सी की थेट

एजन्सी महाग पडते, कारण तुम्ही देता त्यातला बराच भाग बाईपर्यंत पोचतच नाही. पण मी आजारी पडले तर दुसरी पाठवणं, माझा कर कापणं, माझा विमा, हे सगळं त्यांच्या डोक्यावर. दोघंही नोकरी करणारे असाल आणि एक दिवस बाई आली नाही तर घर कोलमडणार असेल, तर एजन्सीच बरी. त्यांना विचारायचं: कमीत कमी किती तासांची भेट? एचएसटी (विक्रीकर) वेगळा का? नेहमीची बाई नसेल तेव्हा कोण येणार आणि तुम्ही कधी कळवणार? पुढे हीच बाई थेट ठेवली तर दंड किती? हे कलम करारात बारीक अक्षरात असतं.

थेट ठेवलीत तर तुम्ही मालक झालात, आणि त्याबरोबर मालकाची कामंही आली. त्याबद्दल पुढे लिहिते.

कागद

पीएसडब्ल्यू सर्टिफिकेटची मूळ प्रत पाहा. ओंटारियोत अजूनही पीएसडब्ल्यूला नोंदणी सक्तीची नाही. 1 डिसेंबर 2024 पासून हेल्थ अँड सपोर्टिव्ह केअर प्रोव्हायडर्स ओव्हरसाइट ऑथॉरिटी या संस्थेकडे ऐच्छिक नोंदणी सुरू झाली आहे आणि तिचं रजिस्टर कुणालाही ऑनलाइन पाहता येतं. नाव असेल तर उत्तम, कारण काही बिनसलं तर तक्रारीला जागा राहते. नाव नाही म्हणून बाई वाईट, असं मात्र नाही. जुन्या, हाडाच्या कामकरी बायका अजून त्यात उतरलेल्या नाहीत.

पोलिसांचा व्हल्नरेबल सेक्टर चेक, म्हणजे वृद्ध-मुलांसारख्या दुबळ्या लोकांबरोबर काम करणाऱ्यांची पोलीस तपासणी, मागा. तो अर्ज बाईनेच करायचा असतो आणि निकालही आधी तिच्याच हातात येतो, म्हणून मूळ कागद आणि तारीख पाहा. फर्स्ट एड आणि सीपीआरचं कार्ड चालू आहे का तेही बघा.

कामाचा परवाना विचारायला लाजू नका. सिन नंबर (काम आणि करासाठीचा सरकारी क्रमांक) 9 ने सुरू होत असेल तर ती तात्पुरत्या परवान्यावर आहे, तेव्हा परवाना आणि त्याची मुदत पाहा. विद्यार्थी असेल तर सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला 24 तासांची मर्यादा आहे, आणि ती दुसरीकडेही काम करत असेल तर दोन्हीकडचे तास मिळून धरतात. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या ओळखीच्या मावशींना ‘नुसतं बसायला’ ठेवून पैसे देणं हेही बेकायदाच, आणि त्यात त्या मावशी जास्त अडकतात.

दोन जुन्या घरांचे फोन नंबर घ्या. त्यांना ‘बाई चांगली आहे का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘ती सोडून का गेली?’ आणि ‘उशीर होणार असला तर फोन करायची का?’ एवढं विचारा.

मुलाखत स्वयंपाकघरात नको, बेडरूममध्ये घ्या

चहा देऊन अर्धा तास गप्पा मारल्यात तर बाई बोलकी आहे एवढंच कळतं. मी सांगते ते करा. घरातल्या एका धडधाकट माणसाला पेशंट करा, जावईबापू सहा फुटी असतील तर फारच छान. त्याला पलंगाच्या कडेला बसवा, सांगा की याची उजवी बाजू लुळी आहे, आणि बाईला म्हणा, याला व्हीलचेअरमध्ये बसवून दाखवा.

आता बघा. शिकलेली बाई आधी चपला बघते: सपाता घातलेल्या असतील तर पकड असलेले बूट किंवा मोजे मागेल. खुर्ची चांगल्या बाजूला, म्हणजे डावीकडे, जराशी तिरकी लावेल. दोन्ही ब्रेक लावेल, हलवून खात्री करेल, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलेल. हात लावण्याआधी तोंडाने सांगेल: ‘आता मी तुमच्या कमरेला पट्टा बांधते.’ त्याला पुढे सरकवून पाय गुडघ्याच्या मागे घ्यायला लावेल, लुळ्या गुडघ्याला स्वतःच्या गुडघ्याचा आधार देईल. मग ‘नाक पुढे आणा, तीन म्हटलं की उठायचं.’ उठल्यावर क्षणभर थांबेल, चक्कर येतेय का विचारेल, मगच वळवेल. खुर्ची पायांना मागून लागली की बसवेल.

जी बाई काखेत हात घालून खेचायला जाते तिला चहा पाजून नमस्कार करा. लुळा खांदा असा ओढला की जागचा हलतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. तुमच्या घरात पट्टा नसेल आणि बाईने तो मागितला, तर तुम्ही योग्य माणसाशी बोलताय असं समजा. मेडिकल सामानाच्या दुकानात मिळतो.

नंतर तोंडी प्रश्न. ‘आई अंघोळीला नाही म्हणाल्या तर?’ याचं उत्तर ‘समजावून घालीनच’ असं आलं तर मला नाही आवडत. ‘थोड्या वेळाने पुन्हा विचारीन, नाहीच तर तोंड-हात-खालचं पुसून घेईन आणि लिहून ठेवीन’, हे बरोबर. ‘आई पडल्या तर?’ जी म्हणते ‘लगेच उचलीन’, ती शिकलेली नाही. आधी हलवायचं नसतं. डोक्याला लागलंय का, कुठे दुखतंय, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, हे बघायचं, गरज वाटली तर 911, आणि मग घरच्यांना फोन.

एक सकाळ चाचणीची ठेवा, आणि तिचे पैसे द्या. आईंना तिथेच बसवा. त्यांचं मत शेवटी नाही, मध्येच विचारा, कारण बाई निघून गेल्यावर त्या ‘बरी आहे’ एवढंच म्हणणार.

भाषेबद्दल. मराठीच बाई हवी हा हट्ट मला कळतो, डिमेन्शियात तर इंग्रजी आधी गळून पडतं आणि मागे आईची भाषा उरते. पण मराठी पीएसडब्ल्यू मोजक्या आहेत. माझ्याबरोबर शिकलेल्या फिलिपिनो आणि घानाच्या मुली मराठी आजोबांना ‘पाणी’, ‘दुखतं?’, ‘उठा’, ‘झालं’ एवढ्यावर उत्तम सांभाळतात. वीसेक शब्द रोमन अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. हात चांगला असेल तर भाषा निभावते.

पैसे आणि कायदा

ओंटारियोचं किमान वेतन 1 ऑक्टोबर 2025 पासून तासाला 17.60 डॉलर आहे. त्या दरात शिकलेली पीएसडब्ल्यू मिळेल ही आशा सोडा. दर ठरवताना येण्याजाण्याचा वेळही बघा: दोन तासांच्या कामासाठी बसने तास-तासभर यायला कुणी फार दिवस टिकत नाही. तीन-चार तासांचा सलग तुकडा द्या.

बऱ्याच जणी ‘मी सेल्फ-एम्प्लॉइड’ म्हणतात, आणि घरच्यांनाही ते सोयीचं वाटतं. पण सीआरए, म्हणजे कॅनडाचं कर खातं, नाव बघत नाही, काम बघतं. वेळ तुम्ही ठरवता, काम कसं करायचं तुम्ही सांगता, सामान तुमचं, आणि ती स्वतःऐवजी दुसरी पाठवू शकत नाही, तर ती तुमची नोकर. मग सीआरएकडे पेरोल खातं उघडायचं, सीपीपी (सरकारी पेन्शन), ईआय (बेकारी विमा) आणि आयकर कापायचा. सीपीपीत तिच्याइतकीच भर तुमची, ईआयमध्ये तिच्या 1.4 पट. फेब्रुवारीअखेर टी4, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा कागद, द्यायचा. हे टाळलंत आणि पुढे उघड झालं तर न कापलेला तिचा वाटाही तुमच्याच गळ्यात येतो. आठवड्याला 24 तासांपेक्षा जास्त काम असेल तर डब्ल्यूएसआयबीकडे, म्हणजे कामावरच्या दुखापतीच्या सरकारी विम्याकडे, नोंदणी सक्तीची आहे. या कामात पाठ जाते. मी अनेकींची गेलेली पाहिली आहे.

कायद्याने आठवड्यात 44 तासांवरच्या कामाला दीडपट दर, सुट्टीचे पैसे पगाराच्या निदान 4 टक्के, सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची जेवणाची सुटी, आणि वर्षात नऊ सार्वजनिक सुट्ट्या. दिवाळी त्यात नाही, पण दिवाळीला बाईला काही तरी देताच ना? मग फराळाचा डबा आणि पाकीट, दोन्ही द्या.

रोख द्यायला हरकत नाही, पण पावती हवी. आईवडील इथले रहिवासी असतील तर काळजीचा हा खर्च करात दाखवता येतो, आणि खासगी व्यक्तीच्या पावतीवर तिचा सिन नंबर लागतो. त्यांना डिसअ‍ॅबिलिटी टॅक्स क्रेडिट (अपंगत्वाची करसवलत) मंजूर असेल, तर त्या क्रेडिटबरोबरच वर्षाला 10,000 डॉलरपर्यंतचा अटेंडंट केअरचा खर्चही धरता येतो. त्या क्रेडिटसाठी डॉक्टरांकडून टी2201 फॉर्म भरून घ्यायचा असतो. 70 वर्षांच्या पुढच्या, बेताच्या उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी ओंटारियोची वेगळी सवलत आहे, खर्चाच्या 25 टक्के, जास्तीत जास्त 1,500 डॉलर. कर भरून देणाऱ्याला ही नावं सांगा.

पहिला आठवडा

एक वही ठेवा: किती खाल्लं, किती प्यायलं, शौचाला झाली का, मूड, कातडीवर काही दिसलं का. संध्याकाळी ती खरंच वाचा. वही कुणी वाचत नाही हे कळलं की बाई ‘ऑल गुड’ लिहू लागते.

गोळ्या फार्मसीकडून ब्लिस्टर पॅकमध्ये बांधून घ्या. 911 साठी एक कागद दाराजवळ: नाव, आजार, गोळ्या, अ‍ॅलर्जी, दोन फोन नंबर. बाथरूममध्ये बसायची खुर्ची, हाताचा शॉवर, भिंतीला दांडी. दांडी नसताना आजी टॉवेलच्या नळीला धरतात आणि ती भिंतीतून उपटून येते.

कॅमेरा लावणार असाल तर आधी सांगा, आणि अंघोळ-कपड्यांच्या जागी लावू नका. बँकेचं कार्ड बाईच्या हातात देऊ नका. हे तिच्याही भल्याचं आहे. किरकोळ खर्चाला वेगळं पाकीट, आत पावत्या.

देवघराचं, सोवळ्याओवळ्याचं, मांसाहाराच्या डब्याचं जे काही असेल ते पहिल्याच दिवशी सांगा. आम्हाला नियम पाळायला त्रास नसतो, तीन आठवड्यांनी कुणीतरी तोंड वाकडं करतं त्याचा होतो. आणि आई बाईला ‘ए’ म्हणून हाक मारत असतील तर घरातल्या इतरांनी तरी नावाने किंवा ताई म्हणा. आई दोन दिवसांत शिकतात.

काम संपण्याची वेळही येते. कधी आई लाँग-टर्म केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या काळजीगृहात, जातात, कधी त्या राहत नाहीत. तीन महिन्यांहून जास्त काम केलेल्या बाईला निदान एका आठवड्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, वर्ष झालं असेल तर दोन आठवड्यांचा. सुट्टीचे साठलेले पैसे आणि रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट (नोकरी संपल्याचा कागद) त्याच हिशेबात उरकून टाका, कारण ईआय मागायला तिला तो कागद लागतो. शिफारसपत्रात ‘प्रेमळ आणि प्रामाणिक’ एवढंच लिहू नका. अर्धांगाचा पेशंट होता, एकटीने पट्टा लावून उठवत असे, दोन वर्षांत पाठीला जखम होऊ दिली नाही, असं लिहा.